मैनासोबत कोण जन्मलं, हे विचारायला मुकुटबनला

बोरी अरबहून मुकुटबनला कोणी फिरायला जात नाही. मी गेलो तो आमच्या मैनासाठी.

मैना आमची तीन वर्षांची कालवड. दूध सुटल्यावर मुकुटबनच्या मामांनी दिलेली. अंगानं बैलासारखी भरली, पण एकदाही माजावर आली नाही. मी दहावीला शाळा सोडली, वही सोडली नाही. सरकीची ढेप किती, क्षारमिश्रण किती, छातीचा घेर किती, माज कधी, सगळं लिहितो. वही पुन्हा पुन्हा चाळून वाटायचं, माझंच काही चुकलं. बाबांनी सांगून टाकलं होतं, या महिन्यात काही झालं नाही तर बाजार. गुरांच्या डॉक्टरांनी मात्र एकच विचारलं: ती जुळी होती का, सोबत गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झाला होता का? मामांना फोन केला, तर म्हणाले, "ये ना इकडे, मंग बोलू." म्हणून निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. सकाळची पहिली गाडी धरा, यवतमाळला बदलून वणी, वणीहून मुकुटबन. करंजीला गाडी थांबली की आलूबोंडा खाऊन घ्या, पुढं गर्दीत उतरता येत नाही. वणीनंतर डावीकडची खिडकी बरी, समोरून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांची धूळ कमी येते. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, तुरीला पिवळा बहर होता. मी वही काढली, तेव्हा शेजारचे काका डोकावून म्हणाले, "गाईचं पण प्रगतिपुस्तक हाय का बाप्पा?" मी हसलो आणि वही मिटली.

मामांनी चहाआधी गोठा दाखवला. मैनाची माय दर वर्षी विते, हा त्यांचा अभिमान. वंश चांगला म्हणूनच पोर मायीवर जाईल, असं आम्हीही धरून चाललो होतो. तिच्या शेजारी एक तांबडा गोऱ्हा बांधला होता. कपाळावर मैनासारखाच पांढरा टिळा. मी विचारलं, हा कधीचा? मामा वैरण सारखी करत राहिले. मामी दारातून म्हणाली, "तिचा भाऊ हाय तो. एकाच सकाळी झाले दोघं."

त्यांच्या घरी जुळं एका दावणीला ठेवत नाहीत. एक नात्यात द्यायचं, आणि जुळं होतं हे बोलायचं नाही. बोललं तर मागे राहिलेलं दगावतं म्हणतात.

"तुले खराब म्हणून नाही देल्ली रे," मामा म्हणाले. "चांगली होती म्हणून देल्ली."

ते खरंच होतं. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी समजावलं: पोटात दोघांच्या रक्तवाहिन्या जुळतात, नराचे हार्मोन्स मादीच्या अंगात जातात आणि बहुतेक वेळा तिचं गर्भाशय, अंडाशय नीट वाढत नाही. मायीचा वंश कितीही चांगला असो, तिथं काही चालत नाही. ते रुंद अंगही बहुधा त्याचंच. "तुझ्या खुराकाचा दोष नाही," ते म्हणाले. मी गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिलो. हलकं वाटलं, आणि लगेच मैनाचं काय, ही धास्ती आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मामा म्हणाले, तिला आणून दे, बदल्यात यंदाची वासरी ने. मग मैनाचं काय कराल, विचारलं. ते माझी पिशवी उचलून रस्त्याकडे निघाले. घरी विचारून सांगतो, मी म्हणालो.

तुम्ही कालवड आणायला जाल तर माय बघाच, पण सोबत कोण जन्मलं तेही विचारा. माणसं गप्प बसली तर गोठ्यातली कपाळं बघा.

घरी आल्यावर डॉक्टरांनी नळीनं तपासलं. गर्भाशयाकडची वाट तोकडीच निघाली, म्हणजे ती गाभण राहणार नाही. बाबांनी मैनाभोवती एक चक्कर मारली आणि पहिल्यांदाच माझी वही मागितली. घेराच्या आकड्यांवर बोट फिरवत म्हणाले, "ढवळ्याहून भारी हाय हे. बंडीले धरून पाहू." बंडी म्हणजे बैलगाडी; ढवळ्या तिचा बैल, आता लंगडतो.

गाय जुंपली म्हणून गाव हसेल, मी म्हणालो.

"हासू दे. बाजारात काय सांगशीन गिऱ्हाइकाले? जुळं होतं, का नव्हतं?"

मी वही परत घेतली.

माजाच्या रकान्यावर मी पट्टीनं रेघ मारली. घेराचा रकाना चालू आहे. काल तिनं रिकामी बंडी बांधावरच्या आंब्यापर्यंत ओढली.