मूर्तीला दोर

इंद्रभानच्या पिकअपमध्ये माल चढला की बरोबरची माणसं कंटाळायची. याचं बांधणं संपतच नसे. जड ते केबिनला टेकवून, हलकं मागे, उंच असेल ते आडवं. खाली कोरड्या फळ्या, कडेला लाकडी गुटके, आणि मग दोर, तोही फुलीसारखा. एवढं झाल्यावर हा गडी हौद्यात चढून मालाला खांद्याने ढकलून बघणार. हलला, की सोडून पुन्हा पहिल्यापासून. धाडच्या बाजारात कुणीतरी रुखवताचं कपाट नेताना म्हणालंच होतं, "लगन लागून पोरगी नांदाले जाईन बे, पण तुही गाठ काई बसाची नाही."

इंद्रभान हसला नाही. अकरा वर्षं त्याने ट्रक चालवला होता आणि सुटलेला माल काय करतो ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ब्रेक गाडीला लागतो, मालाला लागत नाही, एवढंच तो सांगे. आणि जड मालाजवळ माणूस बसवायचा नाही. या दोन गोष्टींपायी त्याने गिऱ्हाईकं घालवली, सख्ख्या मेहुण्याशी अबोला धरला, पण नियम सोडला नाही.

असा माणूस एका सकाळी चुकला. चुकला तरी कसं म्हणावं? कळत असून गप्प बसला. ते जास्त वाईट.

धाडजवळच्या त्याच्या गावात विहार बांधून दोन वर्षं झाली होती, पण आत बुद्धमूर्ती नव्हती. तसबिरीपुढेच वंदना चाले. मूर्तीचा ध्यास घेतला तो इंद्रभानच्या थोरल्या बहिणीने, तानाबाईने. आई लवकर गेली, तेव्हा निंदण-खुरपण करून इंद्रभानला तिनेच वाढवलं होतं. पुढे नवरा वारला आणि ती लेकीला, मंजुश्रीला, घेऊन कायमची माहेरी आली. जिभेची तिखट बाई. मेहकरच्या कारागिराकडे ती एसटीने सहा वेळा जाऊन आली, आणि नाक जाड झालंय म्हणून त्याच्याशी भांडून ते बारीक करवून घेतलं.

मूर्ती आणायला गाडी अर्थातच भावाची. पांढऱ्या दगडाची, मांडी घातलेली, चार फूट उंच, वजन सहा क्विंटल. कारागिराने चेनकुप्पीने ती उचलून हौद्यात उतरवली. खाली लोकांनी तीन गाद्या घातल्या होत्या आणि वर पांढरी चादर. भक्तीने घातल्या होत्या, पण मऊ गादीवर उंच दगड ठेवणं म्हणजे तो डुलावा अशी सोयच करणं. इंद्रभानने गाद्या काढायला सांगितलं. मूर्ती दाबून भरलेल्या कुटारावर, म्हणजे भुशावर, आडवी निजवू, दोन दोर घेऊ, आणि माणसं मागून जीपने येतील, असं तो म्हणाला.

विहार समितीचे अध्यक्ष पुंजाजी, निवृत्त मास्तर, पुढे झाले. "आडवे भगवंत म्हणजे महापरिनिर्वाण, इंद्रभान. आपण तर बसवाले नेऊन राह्यलो. आन् दोर कुठून घेशीन? गळ्यातून? का छातीवरून, चोर बांधल्यावानी?"

हीच ती जागा होती, जिथे नाही म्हणायचं असतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

तानाबाई तोवर हौद्यात चढून बसलीसुद्धा होती. पांढरं लुगडं, केसांना तेल, आणि तोंडावर असा उजेड की भावाने तो कितीक वर्षांत पाहिला नव्हता. ती म्हणाली, "तू गाडी सांभाळ, आमी मूर्ती सांभाळतो. आठ जनायचे सोळा हात हायेत. दोर काय आमच्या हाताहून मोठा लागून गेला का बे?"

लोक हसले. इंद्रभानने दोर गुंडाळला आणि सीटच्या मागे टाकला.

चिखलीपर्यंत सगळं नीट झालं. तिशीच्या वर काटा जाऊ दिला नाही त्याने. मागे बाया बुद्धवंदना म्हणत होत्या. पुढे एका पुलाचं काम चालू होतं, म्हणून बाजूने मातीचा कच्चा रस्ता काढलेला. त्या उतारावर समोरून एक मोटरसायकल उलट्या बाजूने घुसली. इंद्रभानने ब्रेक दाबला. जोरात नाही. बायकामाणसं मागे आहेत म्हणून बेतानेच दाबला.

गाद्यांवरची मूर्ती एकदा पुढे झुकली, मग डाव्या अंगाला कलली. सात माणसांच्या हातांनी हातांना कळतं तेच केलं, सोडून बाजूला झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, जीव प्रत्येकाला असतो. तानाबाईने हात सोडले नाहीत. उलट छाती लावली. मूर्ती आणि हौद्याची लोखंडी बाजू यांच्यामध्ये ती सापडली.

पुलावरचे मजूर पहारी घेऊन धावले तरी दगड सरकवायला पाव तास गेला. इंद्रभान तिच्या तोंडाजवळ गुडघ्यांवर बसला होता. तिने विचारलं, "खाली पडली का रे?"

तो म्हणाला, "नाही पडली, आक्का."

चिखलीच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली.

मूर्तीचा टवकाही उडाला नव्हता. दुपारपर्यंत त्याला चमत्कार म्हणणारेही निघाले. चमत्कार कसला? बाईच्या छातीवर पडली म्हणून दगड वाचला.

इंद्रभानची गाडी पोलिसांनी जमा केली. पुढचा प्रवास मूर्तीने धाडच्या फारुखच्या गाडीतून केला. फारुखने कुणाला काही विचारलं नाही. मूर्ती कुटारावर आडवी घेतली, छातीवरून आणि मांडीवरून पट्टे ओढले. एका पट्ट्याचं टोक पुंजाजींनीच पलीकडून हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी इंद्रभानला जबाबाला बोलावलं. ठाण्याबाहेर पुंजाजींनी त्याला बाजूला घेतलं. दोनच दिवसांत ते वाकल्यासारखे दिसत होते. ब्रेक अचानक निकामी झाले असं सांग, म्हणाले. त्यात कुणाचंच नाव येत नाही, ना समितीचं, ना तुझं. वाईट हेतूने म्हणाले नाहीत. त्यांनाही झोप नव्हती.

मंजुश्री कट्ट्यावर बसली होती. बुलढाण्याला नर्सिंग शिकणारी ही भाची आईचं सगळं होईपर्यंत मामाशी एक अक्षर बोलली नव्हती. आता बोलली.

"मामा, तुमाले बांधता येत होतं ना?"

"हाव."

"दोर होता गाडीत?"

"हाव. सीटच्या मागं."

"मंग काऊन नाही बांधला?"

लोक काय म्हणाले ते त्याला सांगता आलं असतं. तिची आई काय म्हणाली तेही. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. तो आत गेला.

जमादाराने कागद ओढला आणि ब्रेकचंच विचारलं. इंद्रभान म्हणाला, "ब्रेक चांगले होते, साहेब. माल बांधेल नव्हता. दोर होता, मी बांधला नाही. माणसं मालाजवळ बसू देली, तेही मीच."

जमादाराने पेन खाली ठेवलं. "असं लिवलं तं सारं तुमच्यावरच येते, भाऊ. इचार करून सांगा."

"तिथं करायचा होता इचार. लिवा तुमी."

सही करून झाल्यावर त्याने तो कागद भाचीला वाचू द्यावा म्हणून विनंती केली. जमादार कुरकुरला, पण दिला. मंजुश्रीने उभ्यानेच वाचला, दोनदा वाचला, आणि परत केला. मग ती रस्ता ओलांडून बुलढाण्याच्या गाडीला गेली. येते मामा, असं काही ती म्हणाली नाही. गाडी निघेपर्यंत तो तिच्या खिडकीसमोर उन्हात उभा होता आणि तिने खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.