पंधरा जूनला उघडणारं खातं

कुरुंदवाडात संघप्रिया कांबळेला इंजिनीअर म्हणून कुणी ओळखत नाही. ती अंगणवाडीतल्या सोनूबाईंची थोरली. आठवडाभर कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी यायचं, हा तिचा कैक वर्षांचा नेम. बोलणं कमी, पण बोलली की आडपडदा नाही.

२०१९च्या महापुरात पाणी त्यांच्या माळ्याला लागलं, तेव्हा बाबालाल नदाफ या साठीतल्या नावाड्यानं मायलेकींना आपल्या लाकडी होडीत घेतलं. होडीची एक फळी निखळत आली होती. बाबालाल वल्हं मारत होता आणि संघप्रिया तेलाच्या डब्यानं आत येणारं पाणी उपसत होती. काठाला लागल्यावर तो म्हणाला, "पोरी, पुढच्या पुराला ही होडी न्हाय पुरायची."

दोन वर्षांनी पूर पुन्हा आला आणि होडी तीच होती. मधल्या काळात शारजाला कामाला गेलेल्या गावच्या पोरांनी मोटरबोटीसाठी पैसे पाठवले होते, नाही असं नाही. ते कुणी खाल्लेही नाहीत. पण नदी खाली गेली की धास्तीही उतरते. थोडे कुणाच्या ऑपरेशनला गेले, थोडे कबड्डीच्या मंडपाला, आणि बोट राहूनच गेली.

म्हणून नंतरच्या एका जानेवारीत बाबालालचा पुतण्या मोहसीन शारजाहून सुट्टीवर आला, तेव्हा संघप्रियाला म्हणाला, "आम्ही पुन्हा गोळा करतो. पण पावसाळा तोंडावर येईपर्यंत पैशाला कुणाचा हात लागायचा न्हाय. तुझाबी न्हाय आणि माझाबी न्हाय. असं काय जमतंय का?"

"बघते," ती म्हणाली.

तीन शनिवार-रविवार तिनं त्यात घातले. ब्लॉकचेन म्हणजे एका बँकेत नव्हे, तर जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी लिहिलेली वही. तिथं तिनं एक कुलूपबंद खातं काढलं. त्याला चाव्या दोन. एक तिची, एक बाबालालची. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक पैसा हलणार नाही. मग तिनं दोन आदेश लिहिले. पहिला पंधरा जूनपासून चालणारा, सगळे पैसे गावच्या बोट समितीला देणारा. दुसरा एक ऑक्टोबरपासून चालणारा. तोवर समितीनं पैसे उचललेच नाहीत तर ते शारजाला परत करणारा. कराबिराचं सगळं सीएला विचारून घेतलं.

मोहसीनला परतायची घाई होती. "पैसे आधी भरून टाकू, सह्या मागनं करा की!"

"न्हाय," संघप्रिया म्हणाली. "आधी सह्या, मग पैसे. उद्या आमच्यातलं कुणी ऱ्हायलं न्हाय तर? आत पैसे अडकले की जन्मात निघायचे न्हाईत."

बाबालाल चष्मा सारखा करत सगळं ऐकत होता. "म्हणजे आज सही केलेला चेक, पण तारीख जूनची. व्हय का?"

"व्हय चाचा. आणि बँक आपल्या कुणाच्या वळखीची न्हाय."

तो मनापासून हसला आणि तिच्या सहीमागोमाग त्यानं आपल्या फोनवरून दोन्ही आदेशांवर सही केली. चावीचा पासवर्ड त्यानं कुणाला सांगितला नाही, बायको खतिजालाही नाही. सही झालेले दोन्ही आदेश संघप्रियानं चार जणांच्या फोनवर पाठवून ठेवले, मगच मोहसीननं पैसे भरले.

एप्रिलमध्ये तालमीचे अध्यक्ष बाळासो दारात आले. माणूस दिलदार, घसा मोठा. "संघप्रिया, तालमीचं छप्पर उडालंय. बोटीचे पैसे पडूनच हाईत. दोन महिन्यांत परत घालतो की!"

तिनं खोटं सांगितलं नाही. "दादा, आम्ही दोघांनी मिळून नवी सही केली तर आत्ताबी निघतील. पण मी करणार न्हाय. चाचांना विचारा."

बाळासो घाटावर गेले. बाबालाल फळीला डांबर लावत होता. मान वर न करता म्हणाला, "छपराला माझी मजुरी फुकट घ्या. सही मागू नका." आणि खरोखरच चार दिवस तो तालमीवर पत्रे चढवत होता.

मे महिन्यात, दुपारचं जेवण होऊन आडवा झालेला बाबालाल उठलाच नाही.

गाव हळहळलं. आठवड्यात दुसरी चर्चा सुरू झाली. चावी गेली. आता पैसे कुणाच्या बापाला निघत नाहीत. शारजातूनही फोन आले. संघप्रिया सगळ्यांना एकच सांगायची, "त्यांची सही झालेली हाय." पण मनातून तीही धास्तावली होती. तारीख बरोबर घातली ना? दोन्ही आदेशांनंतर खात्यात कुणी काही केलं नाही ना? कारण मध्ये दोघांच्या सहीनं एकदाही पैसे बाहेर काढले असते, तर त्या सह्या फुकट गेल्या असत्या. रोज बसमध्ये ती ते खातं उघडून बघायची. जानेवारीनंतर एकही नोंद नव्हती. बाळासोंना दोघांनी दिलेला नकार किती कामाचा होता, हे तेव्हा तिला नीट कळलं.

पंधरा जूनला पहाटे पाचला सोनूबाईंच्या सोप्यात वीसेक माणसं जमली. आदेश पाठवायचा मान बाळासोंचा. त्यांच्या फोनवरही प्रत होती. त्यांनी बटण दाबलं. नकार आला.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" कुणीतरी मागून बोललं.

"त्या वहीचं घड्याळ आपलं न्हाय," संघप्रिया म्हणाली. "तिथं अजून चौदा तारीख हाय. साडेपाचला दाबा."

अर्धा तास कुणी हललं नाही. सोनूबाईंनी चहा दिला, तोही तसाच निवला. साडेपाच वाजून गेल्यावर बाळासोंनी पुन्हा बटण दाबलं. पाच-सहा सेकंद गेले आणि समितीच्या खात्यात सगळी रक्कम जमा झाली. बाळासोंचा मोठा घसा कुठं गेला कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "म्हातारा दिलेल्या शब्दाला जागला."

संघप्रिया उठून परड्यात गेली आणि तिथं एकटीनं रडून घेतलं.

महिनाभरात बोट आली. फायबरची, बारा माणसांची, इंजिनवाली. जुलैअखेर पाणी चढलं, तेव्हा पहिल्याच दिवशी बोटीनं नदीकाठच्या गोठणपुरातली एकोणचाळीस माणसं आणि एक बाळंतीण काठाला आणली. संघप्रिया रजा घेऊन आली होती. सामान चढवत होती, याद्या करत होती. तिचं कौतुक करायला कुणी तोंड उघडलं की ती दुसरं काम काढायची.

पूर ओसरल्यावर ती खतिजाचाचीकडे गेली. नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीचे दिवस होते, चाची घरातच होती. पुढच्या वर्षाच्या खात्याला दुसरी चावी चाचीनं धरावी, हे विचारायचं होतं. चाची लगेच हो म्हणाली.

"आणि चाची, बोटीवर चाचांचं नाव लिवायचं, असं समितीत ठरतंय."

खतिजानं मान हलवली. "नाव कशाला? नंबर घाला. एक नंबर. अजून दोन-तीन लागत्यात गावाला."