गिटारशिवायचं गाणं

दोह्यातल्या एका हॉटेलात मी साउंड बघतो. दोनएक हिवाळ्यांपूर्वी तिथल्या लाउंजमध्ये गायला फिनलंडची एक बाई आली. सत्तरीची, उंच, केस पांढरे आणि आखूड. रॉक आणि ब्लूज गायची. समोरची माणसं जेवत, मोबाइल बघत बसलेली असायची.

मी सोलापूरकडचा. आवाज फाटला की गाणं बिघडलं, अशी माझी समजूत. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या आवाजातली खरखर मशीनवर जरा कमी केली, तर ती गाणं थांबवून माझ्याकडे आली.

"ती राहू दे," म्हणाली. "मोठ्या मेहनतीनं मिळवलीय."

मग दुपारच्या तालमीनंतर आम्ही चहा घ्यायला लागलो. शाळा सोडून ती तळ्याकाठच्या लाकडी नाचघरांत गायला लागली होती. हिवाळ्यात बर्फातून व्हॅन हाकायची, स्पीकरवर पाय टाकून झोपायचं. एक रेकॉर्ड खूप चालली. पुढे कुणी बोलावेना, तेव्हा स्वीडनला जाणाऱ्या बोटींवर गायली. दोन लग्नं मोडली. टिकला तो एकटा तिचा गिटारवाला, अगदी पहिल्या कार्यक्रमापासून तिच्या डाव्या हाताला उभा राहणारा. तो आजारी होता म्हणून इकडे आला नव्हता. त्याच्या जागी आमच्या हॉटेलचा फिलिपिनो गिटारवाला वाजवायचा.

एका दुपारी ती स्टेजच्या कडेला फोन हातात धरून बसलेली दिसली. तिचा गिटारवाला सकाळी गेला होता.

"मॅडम, आजचा कार्यक्रम खलास. मॅनेजरशी मी बोलतो."

"आणि मी खोलीत बसून काय करू?" ती म्हणाली. "गाते. फक्त शेवटच्या गाण्यात मधला गिटारचा तुकडा वाजवू नका."

शेवटच्या गाण्यात त्या तुकड्याची वेळ आली तेव्हा फिलिपिनोनं तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या. मागे नुसता ड्रम आणि बास चालू. ती डोळे मिटून, मान किंचित डावीकडे वळवून उभी राहिली. एका टेबलावरच्यांना वाटलं गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं डोळे उघडले नाहीत. बरोबर वेळेवर पुढची ओळ उचलली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तू जेवतोस तिथं मला ने." मी तिला अल मन्सूरा भागातल्या आमच्या खानावळीत नेलं. तिनं वरणभात खाल्ला.

"दिवसभर तू दुसऱ्यांचं ऐकतोस," ती म्हणाली. "बोलतोस कुणाशी?"

"बायकोशी. फोनवर."

करार संपेपर्यंत ती रोज गायली, मग गेली. तिच्या जागी एक पियानोवाला आला.

त्या शुक्रवारी हे सगळं सांगायचं ठरवून मी घरी फोन लावला.

"जेवलात का?" बायकोनं विचारलं.

"जेवलो."

मग मुलीच्या परीक्षेचं निघालं, आणि सांगायचं राहूनच गेलं.