वाटूर फाट्यावरची घटनादुरुस्ती

वाटूर फाट्यावरच्या जीप स्टँडला घटना आहे. ती लिहिलेली नाही; ती जीपवाल्या भुजंगमामांच्या तोंडात असते, आणि तोंडात तंबाखू असली की तहकूब असते.

मूळ घटना साधी. आधी येईल त्याचा नंबर आधी, आणि गाडी भरली की निघायचं, थांबायचं नाही. सगळ्या ड्रायव्हरांनी चहा पिऊन ती मान्य केली. चहा मामांचा होता, म्हणून अध्यक्षही तेच झाले. मुदत ठरवायची तेवढी राहून गेली.

पुढं दुरुस्त्या आल्या. अध्यक्षाला कामं फार, म्हणून सकाळचा पहिला नंबर त्याचा. मग दुपारचाही. मामा हुकूमशहा बिलकुल नव्हते. प्रत्येक दुरुस्ती मताला टाकत. फक्त सभेची वेळ अशी गाठत, की विरोधातले सगळे शिटा भरून जालन्याच्या रस्त्याला लागलेले असत. उरत मामा आणि त्यांचा मेहुणा राधेश्याम. राधेश्यामला बहिणीच्या हातचं जेवायचं असे, त्यामुळं ठराव एकमतानं मंजूर.

परवा मामांनी मोठी दुरुस्ती काढली: अध्यक्षपद तहहयात. तहहयात म्हटलं की हार पाहिजे, आणि हाराला टाळ्या वाजवणारी माणसं पाहिजेत. म्हणून या वेळी सभा सकाळीच, सगळ्या गाड्या उभ्या असताना.

मामा बोलायला उभे राहिले, तोच जालन्यावरून राजूरच्या गणपतीला निघालेल्या बायका आल्या आणि पहिल्या नंबरच्या, म्हणजे मामांच्याच, जीपमध्ये गच्च बसल्या. मामांनी मागच्या गाडीकडं बोट दाखवलं. पण त्यांच्यातल्या सगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"पहिला नंबर तुमचाच न्हाई का? मंग चला जल्दी. भाषण जालन्याला करा, आमची चतुर्थी खोळंबून राह्यली."

सगळे ड्रायव्हर मामांकडं बघत होते. भरली गाडी थांबवायची सोय घटनेत नव्हती. मामा निघाले.

दुपारी परत आले तेव्हा ठराव झालेला होता. अध्यक्षाचा पहिला नंबर बंद, आणि अध्यक्षपद दर महिन्याला पाळीपाळीनं.

"मी नसताना केलेला ठराव बेकायदा हाये," मामा म्हणाले.

नवी जीप घेतलेला कल्याण चाकाची हवा बघत होता. तो शांतपणे म्हणाला, "आमी नसताना तुमचे किती झाले, मामा? ते बेकायदा म्हणा, मंग हे बी म्हणतो."

मामांनी तंबाखू थुंकली. मग मेहुण्याला बाजूला घेतलं. "तू तरी विरोध केल्ता का?"

राधेश्यामनं मान खाली घातली. "एकमतानं झालंय, दाजी."

मामांनी जीप वळवून रांगेच्या शेवटाला लावली, आणि अध्यक्षपदाची आपली पाळी कोणत्या महिन्यात येते, ते मेहुण्याला हळूच विचारलं.