खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाटल्या

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, माणसांवर विश्वास नसलेलीही पाहिली; पण देव, माणूस, दोरखंड, केळं आणि हवामान खातं या सर्वांवर सारखाच अविश्वास ठेवणारी व्यक्ती मी जन्मात एकच पाहिली आणि ती बोईसरला आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायची. आम्ही सांगलीकडून नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलो, त्या पहिल्याच दिवशी काकू जिना चढून वर आल्या. मला वाटलं, नव्या शेजारणीला चहाचं विचारायला आल्या असतील. काकूंनी आत येऊन आमच्या गॅसच्या नळीवर छापलेली तारीख वाचली, मान हलवली आणि म्हणाल्या, "बदल. आजच बदल. आणि मी सांगितलं म्हणून बदलू नकोस, स्वतः वाचून बघ." तारापूरच्या औषधांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मालाची तपासणी केली होती. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. सकाळी खिडकी उघडली की त्या आधी कारखान्यांकडे, कुंभवलीच्या दिशेला तोंड करून दोनदा हुंगायच्या आणि मगच कपडे बाहेर वाळत घालायचे की आत, ते ठरवायच्या. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात; काकू तर फ्रीजमधलं पाणीसुद्धा आधी उजेडात धरून बघायच्या.

अशी बाई आमच्या 'पायवाट' गटात आली कशी, याचं पहिल्यांदा मलाही नवल वाटलं होतं. पायवाट म्हणजे आम्हा बोईसर-पालघरच्या वीसेक बायकांचा भटकंतीचा गट. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घरच्यांना पोहे करून ठेवायचे आणि कुठेतरी डोंगरावर नाहीतर समुद्रावर निघून जायचं, एवढाच त्याचा नियम. शाळेत पी.टी. शिकवणारी सुरेखा आमची म्होरकी. काकू त्यात आल्या त्या हौसेने नव्हे. "एवढ्या बायका दर महिन्याला घरदार सोडून डोंगरावर जातात, म्हणजे काहीतरी भानगड असणार," असं त्यांना वाटलं होतं आणि ती शोधायला म्हणून त्या एकदा आल्या. भानगड सापडली नाही. मग आपल्यापासून ती कोण लपवतंय हे शोधायला पुढच्या महिन्यात आल्या. असा तपास सहा वर्षं चालला आणि तेवढ्यात त्यांनी आसपासचे सगळे गड दोन-दोनदा पालथे घातले.

त्यांच्याबरोबर निघायचं म्हणजे निघण्याआधीच दमायला व्हायचं. स्टेशनजवळ टमटम ठरवली की काकू आधी खाली बसून टायर बघायच्या. टायरवर तो कधी बनला त्याचे आकडे छापलेले असतात, हे आम्हाला त्यांच्यामुळेच कळलं. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, एकदम नया है, पिछले महीने ही डाला." काकूंनी आकडे वाचले आणि शांतपणे विचारलं, "तुम्हारा लडका कितवीं में है?" तो म्हणाला, पहिलीत. "टायर उससे बडा है," काकू म्हणाल्या आणि आम्ही दुसरी टमटम शोधायला लागलो. वाघोबाच्या खिंडीत येणारा-जाणारा वाघोबाला नमस्कार करून पुढे जातो. काकूही करायच्या, पण एक डोळा उघडा ठेवून. "वाघोबावर शंका नाही गं, त्या माकडांवर आहे," असं म्हणायच्या. पण माझी खात्री आहे, शंका दोघांवर होती. केळव्याला सुरेखाने भरतीची वेळ सांगितली, तेव्हा काकूंनी वाळूत काठी रोवली आणि तासभर पाण्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघत बसल्या. समुद्र वेळेवर आला. तरी परतताना पुटपुटल्याच, "आज आला वेळेवर."

पण खरा कळस होता तो बाटल्यांचा. त्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये औषधाच्या छोट्या काचेच्या बाटल्यांचा एक डबा असायचा, उकळून, वाळवून, बुचं लावून ठेवलेल्या. गडावर पोचलो, डबे उघडले, की आम्ही जेवायला बसायचो आणि काकू चमचा घेऊन फिरायच्या. प्रत्येकीच्या डब्यातला एक चमचा एका बाटलीत, वर चिठ्ठी: पदार्थ, करणारीचं नाव, तारीख. कारखान्यात म्हणे प्रत्येक खेपेच्या मालातला थोडा राखून ठेवतात, म्हणजे पुढे कुणाची तक्रार आली की तो उघडून बघता येतो. घरी गेल्या की त्याच संध्याकाळी त्या एकेक बाटली उघडून वास घ्यायच्या, वहीत लिहायच्या आणि टिकाऊ माल आठ दिवस कपाटात ठेवायच्या. स्वतः मात्र कुणाचं काही खायच्या नाहीत. घरून आणलेली दोन उकडलेली अंडी, तीही तिथेच सोलून. नव्या बायकांना हे फार लागायचं. एकीला तर वाटलं काकू काहीतरी करणी करतात. तिने पुढचे दोन महिने काकूंना फक्त मीठ दिलं. काकूंनी त्याचीही बाटली भरली.

हसली नाही आणि रुसलीही नाही ती एकटी जयवंती. जयवंती चिंचणीची, समुद्राकाठच्या मासेमारीच्या घरातली. नवरा बोटीवर, ही मासळी सुकवणार आणि विकणार. आमच्यातली बहुतेक मंडळी घाटावरची, बूट-काठ्या घेऊन चढणारी; ही साधी चप्पल काखोटीला मारून अनवाणी सगळ्यांच्या पुढे. मी एकदा विचारलं, तुला कशाला हवंय हे चढणं? तर म्हणाली, "ताई, जनम गेला खाली वाकून मासली निवडन्यात. म्हैन्यातला ह्यो एकच दिवस हाय, मी मान वर करते." तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची. काकू चमचा पुढे करायच्या, तर ती दोन चमचे घालायची. "एक बाटलीला, एक तुमाला. खावा की काकू, आमी काय जहर नाय घालत." काकू दुसरा चमचा परत तिच्या डब्यात टाकायच्या. दर महिन्याला हेच, सहा वर्षं.

आणि मग काळदुर्गाचा तो रविवार आला. फेब्रुवारी निम्म्यावर आला होता, उन्हाला धार चढायला लागली होती. मी सगळ्यांसाठी इडल्या आणि ओल्या खोबऱ्याची चटणी नेली होती. इडल्या पहाटेच्या, चटणी मात्र आदल्या संध्याकाळची. पहाटे उठून नारळ कोण खवत बसणार, म्हणून आदल्या दिवशीच वाटून मोकळी झाले होते आणि डबा फ्रीजमध्ये मावेना म्हणून ओट्यावर ठेवला होता. हे मी आज लिहितेय. तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. माथ्यावरच्या त्या चौकोनी खडकाच्या सावलीत जेवणं झाली. मी स्वतः चटणीला हात लावला नाही, कारण जयवंतीची सुकट समोर आल्यावर मला दुसरं काही दिसत नाही. संध्याकाळी एकेकीच्या घरून बातम्या यायला लागल्या. सात जणी आडव्या. उलट्या, जुलाब, दोघींना सलाईन. मी ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा सुरू झाली आणि ती कुठे वळणार हे मला पहिल्या दोन ओळींतच कळलं. कुणीतरी लिहिलं, सुक्या मासळीचं उन्हात काही सांगता येत नाही. दुसरीने लिहिलं, मला तर वासच सहन झाला नव्हता. सातांपैकी दोघी तर मासे खातच नाहीत, असं सुरेखाने सांगून बघितलं. तर उत्तर आलं, चमचा लागला असेल. शेवटी एकीने दोन जोडलेल्या हातांसकट टाकलं: 'पुढच्या वेळेपासून वासाचं काही आणू नये, ही नम्र विनंती.' पाच मिनिटांनी जयवंती गटातून बाहेर पडली. आणि मी? सगळ्यात जास्त सुकट मी खाल्ली होती आणि मला काहीच झालं नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी अळीमिळी गुपचिळी. परस्पर दुसऱ्यावर गेलंय तर जाऊ दे, असं मनात आलं. मला त्याची आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी बेटेगावला सुरेखाच्या गच्चीवर सगळ्या जमलो, गटाचे नवे नियम ठरवायला. काकू शेवटी आल्या, सॅकसकट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ती सॅक बघून मी सरकत सरकत सगळ्यांच्या मागे जाऊन बसले. नियम क्रमांक एक, 'वासाचं काही आणू नये', वाचायला सुरुवात झाली, तशा काकूंनी बाटली काढली. चिठ्ठी मोठ्याने वाचली: "सुकटीची चटणी. जयवंती." बूच काढलं, चमचा घातला आणि आम्हा सगळ्यांदेखत ती तोंडात टाकली. सहा वर्षांत दुसऱ्या बाईच्या हातचा घास आम्ही त्यांच्या तोंडात पहिल्यांदा बघत होतो.

"काकू, आठ दिवसांची आहे ती!" कुणीतरी ओरडलं.

"सुकट आहे," काकू चावता चावता म्हणाल्या. "सुकवतात कशाला?" मग उरलेलीही खाल्ली आणि बाटली पुसून काढली. "आता अर्धा दिवस मी इथेच बसते. मला काही झालं तर तो नियम लिहा."

त्यांना काहीही झालं नाही. नाही म्हणायला सुरेखाकडे दोनदा पाणी मागितलं, कारण चटणी तिखट होती, आणि दोन्ही वेळा ते उजेडात धरून बघितलं. "मग आम्हाला कशाने झालं?" एकीने विचारलंच. काकूंनी सॅकमध्ये हात घातला आणि दुसरी बाटली अर्धी वर काढली. चिठ्ठी तळहाताकडे होती. पण बुचावर आलेला फेस मला दिसला, आणि माझ्या नावाची शेवटची दोन अक्षरंही. काकूंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि बाटली परत आत सोडली. "ते ज्याचं त्याला माहीत असतं," म्हणाल्या आणि उठल्या.

घरी परतल्यावर जिन्यात त्यांनी ती बाटली माझ्या हातात दिली. "त्याच संध्याकाळी उघडली तेव्हाच आंबली होती. वहीत वेळ लिहिली आहे."

"मग तिथे का नाही सांगितलंत?"

"माझं काम नमुना ठेवायचं. निकाल मी सांगितला तर तुला पकडलं म्हणतील. तू सांगितलास तर तू सांगितलंस म्हणतील." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि नेहमीसारखी कडी दोनदा ओढून बघितली.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी चिंचणीला गेले. जयवंती किनाऱ्यावर जवळा सुकायला पसरत होती, कमरेत वाकलेली. मी सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, मला ठाव होतं. सुकट तर तुमीच सगल्यांपरीस जास्त खाल्ली. तुमी धडधाकट, तवाच समजले." मग ती सरळ उभी राहिली, पदराने घाम पुसला. "पन मला इथं येऊन सांगून काय उपेग? नाव काय माझ्यापाशी खराब झालं? झालं तिथं सांगा."

तिथेच वाळूवर बसून मी गटावर लिहिलं. चटणी माझी होती, आदल्या दिवशीची होती, फ्रीजबाहेर होती आणि मी आठ दिवस गप्प होते. चारही गोष्टी लिहिल्या. त्यानंतर मला जे ऐकावं लागलं ते योग्यच होतं. त्या नम्र विनंतीवालीला मात्र चिंचणीला स्वतः जाऊन जयवंतीला बोलवावं लागलं आणि येताना तिने अर्धा किलो सुकट आणली म्हणे, घरच्यांपासून लपवून. मार्चमध्ये आसावा गडावर जयवंती पुन्हा सगळ्यांच्या पुढे होती. काकू चमचा घेऊन आल्या, तिने दोन चमचे घातले. काकूंनी एक बाटलीत भरला आणि दुसरा, क्षणभर बघून, खाल्ला. माझ्यापाशी आल्या, माझी बाटली भरली, चिठ्ठी लिहिली आणि पुढे गेल्या.

यंदा दिवाळीनंतर काकू मुलीकडे नाशिकला गेल्या, कायमच्या. गुडघे संपले. गुडघ्यांवर मात्र त्यांनी कधी शंका घेतली नव्हती, आणि नेमका तिथेच दगा झाला. जायच्या दिवशी पहाटे चारला उठून मी नारळ खवला, चटणी वाटली, इडल्या केल्या आणि गरम गरम डबा खाली नेला. काकू सामानाच्या खोक्यांमध्ये बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाटली आणा, भरते." त्या म्हणाल्या, "खोक्यात गेल्या सगळ्या." डबा ठेवून मी वर आले. त्या खातील अशी आशाच नव्हती.

तासाभराने त्यांची मुलगी डबा परत द्यायला आली. "आईने सगळं संपवलं," ती म्हणाली. "मला अर्धी इडलीसुद्धा दिली नाही." आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी झाकण उघडलं. आत एक छोटी काचेची बाटली होती, उकळलेली, बूच लावलेली, अगदी रिकामी. वर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी: ओल्या खोबऱ्याची चटणी, माझं नाव, तारीख. आणि खाली एक ओळ: 'नमुना ठेवलेला नाही.'

मी धावत गॅलरीत गेले. खाली काकू एका हाताने काठी धरून गाडीच्या मागच्या टायरपाशी वाकल्या होत्या आणि चष्मा सावरत त्यावरचे आकडे वाचत होत्या.