झाकणाला राहिलेला थेंब

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातुरात घरची टाकी धुवत होतो. फोन कानाला, नळ चालूच... ती असती तर आधी त्या नळावरूनच माझी हजेरी घेतली असती.

नांदेडच्या प्रयोगशाळेत ती माझी वरिष्ठ. दुष्काळाचं साल, एसटीत दोनच विषय, पाणी आणि नवा जिल्हा कधी होणार. आमचं काम रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजण्याचं. ठरावीक जातीच्या पेशीलाच जाऊन चिकटणारी प्रतिद्रव्यं असतात, त्यांना चमकणारा रंग जोडलेला असतो. रक्तात ती मिसळायची. मग यंत्रात लेसरसमोरून जाताना ती पेशी चमकते आणि मोजली जाते. एचआयव्हीच्या रुग्णाची मोजणी कमी आली, की त्याच्या गोळ्या लगेच सुरू. रंग मात्र उजेडात मरतो, म्हणून नळ्या अंधारात ठेवायच्या. हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि ध्यानात असणं यात माझं लई अंतर.

एकदा एक बाई आली. बिलोलीकडची म्हणू या. गाव मी बदललंय, विचारू नका. घरी "बाजाराला जाते" सांगून निघालेली. सांजचा टँकर यायच्या आत परतली नाही तर चौकशी होणार, आणि पुन्हा येणं तर जमणारच नव्हतं. तिला धीर द्यावा म्हणून मी तिची रंग घातलेली नळी खिडकीतल्या उन्हात धरून चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. नंतर यंत्रावर बघतो, तर वेगळे दिसायचे ते सगळे ठिपके एकाच ढिगात! आणि रंगाची कुपी संपलेली.

"पापड वाळवून राहिला का रे?" ताई म्हणाली.

"ताई, संपलं की सगळं..."

"तुझी अक्कल संपली. कुपी न्हाई."

तिनं ती रिकामी कुपी गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये घातली. झाकणाला, काठाला राहिलेलं सारं तळाशी उतरलं... एका तपासणीपुरतं. बाईचं उरलेलं रक्त घेतलं, दिवा मालवला आणि मला खोलीबाहेर हाकललं. मोजणी कमीच निघाली. गोळ्या पदरात बांधून बाई टँकरच्या आधी घरी पोचली. पुढं ती येत राहिली. ताईच्या डब्यातली भाकर खाल्ल्याशिवाय ताई तिला सोडत नसे. मी मात्र आजही कुपी फिरवून पाहिल्याशिवाय टाकत नाही.

ताईच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा विधी होता, त्या दिवशी तिच्या घरी ती बाई मागं भिंतीला टेकून बसलेली दिसली. केस पिकलेले, डोळे सुजलेले. ताईच्या नणंदेनं विचारलं, "तुम्ही कुठल्या हो? वळखलं न्हाई."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड उघडलं की काय होतं, ते तिला चांगलंच ठाऊक.

"माझी मोठी बहीण," मी म्हणालो.

नणंदेनं दोघांना निरखलं. "हाव, तुझ्यापेक्षा शहाणी दिसते. जेवल्याबिगर जायचं न्हाई, बाई."

मग आम्ही दोघं भावंडं शेजारी शेजारी जेवायला बसलो.