न विचारता जायची वाट

गायकवाड सरांची आणि माझी पहिली भेट भीमेच्या पात्रात, नावेत झाली. नव्वदच्या दशकात शिरूरकडच्या काठावरल्या शाळेत मी रुजू व्हायला दौंडकडून निघालो होतो. सर त्याच शाळेत शिकवत. उतरल्यावर त्यांनी मला जुना दगडी घाट, करंजाची झाडं, काठाने जाणारी पाणंद असं सगळं दाखवलं. पहिल्याच दिवशी उशीर झाला. मुख्याध्यापकांची बोलणी मी एकट्याने खाल्ली; सर शेजारी उभे राहून गालात हसत होते.

ही पाणंद म्हणजे गावाची नदीवर जायची जुनी वाट. गुरं, धुणं, नावेची माणसं, सारं तिच्यावरून. सरांनी मुलांना घेऊन घाटातला गाळ काढला, करंज तोडायला आलेल्यांना चहा पाजून परत पाठवलं. माझी आई आजारी पडली तेव्हा रोज संध्याकाळी नावेने पलीकडे येऊन ते तिला घरची भाकरी पोचवत. आभार मानले की चिडत, म्हणून इथे छापून मानतो.

पुढे पुण्याच्या एका गृहस्थांनी काठची जमीन घेतली आणि पाणंदीवर फाटक बसवलं. माणूस वाईट नव्हता. ग्रामसभेत येऊन म्हणाले, राखणदार ठेवतो, त्याला विचारा आणि खुशाल जा. गाव राजी झालं, मीही मान डोलावली. तेवढ्यात सर उठले.

"इचारून जायचं आसंल तर ती वाट न्हाई, मेहेरबानी हाय. माझ्या आज्याला ह्याच नदीचं पाणी इचारून घ्यावं लागायचं. माझ्या नातवंडांनी इचारायचं न्हाई."

 सरांच्या आजोबांना ज्यांची परवानगी लागायची, त्यांची नातवंडंही तिथेच बसली होती. त्यांतलेच एक, बागायतदार आप्पा, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला निघाले ते सगळ्यांच्या पुढे. राखणदाराने हटकलं तर म्हणाले, "आदी बैलांस्नी शिकवा इचारायला." मागे गावचे सारे बैल उभे. दुपारी त्या गृहस्थांनी स्वतःच फाटक उतरवलं. त्या दिवशी घाटावर सर आणि आप्पा एकाच बैलाला दोन बाजूंनी घासत होते. अशा माणसाचा मी सहकारी, याचा मला तेव्हा जो अभिमान वाटला तो आजही तसाच आहे.

सर आता साठीचे झाले. त्यांची नात त्या वाटेने नदीवर जाते. इथे फाटक होतं म्हटलं तर तिला ते खरं वाटत नाही. सर, तिच्या लेकराचं बोट धरून त्याच वाटेने पाण्यावर जाण्याइतकं आयुष्य आणि पायांत तेवढं बळ तुम्हाला लाभो.